खोड

"जित्याची खोड," ओतिलियाबाई म्हणाल्या,
आणि उरलेलं अर्धं वाक्य
मुलाकडे बघून गिळलं.
मी वहीत लिहिलं: खोड.
मग ते खोडलं.
पहिल्या दिवशी फक्त मोजायचं असतं.

जूनमध्ये पुंता अरेनासला दहाच्या सुमाराला उजाडतं.
शाळा अंधारातच भरते.
रस्त्यात वाऱ्यासाठी बांधलेले दोर धरत
मी येते, मागच्या कोपऱ्यात बसते,
गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर तीन रकाने:
आधी. काय. नंतर.

आधी: वजाबाकीचा कागद.
काय: नाउएलने बाक उलटवलं.
नंतर: "बाहेर!"

सुटका, मी लिहिलं, आणि स्वतःवर खूश झाले.
वजाबाकी कुणाला आवडते?

दुसऱ्या आठवड्यात वजाबाकी काढून घेतली,
चित्र दिलं. त्याने देवमासा काढला,
जिभेचं टोक बाहेर ठेवून
शेपटीवरचे जुने ओरखडेसुद्धा एकेक काढले,
आणि दहा वीसला
तो देवमासाच फाडला.
लक्ष हवं असेल, असं म्हणून
आम्ही सगळ्यांनी पाठी फिरवल्या.
आधी रंग उडाले, मग डबा, मग खुर्ची.
दार उघडल्यावरच तो थांबला.
रडत नव्हता. चिडलेलाही नव्हता.
घाईत होता.

ही घाई कुठल्याच रकान्यात बसेना.

रात्री मी चौकटींचा कागद पसरला,
प्रत्येक उलटलेल्या बाकासाठी एक चौकट काळी केली.
सोमवार कोरा. बुधवार कोरा. शुक्रवार कोरा.
मंगळवार-गुरुवारच्या दहा वीसवर मात्र
मुंग्या लागल्यासारखा काळोख.
मुंग्यांना माहीत असतं
साखर कुठे सांडलीय.

गुरुवारी मी माझी खुर्ची वर्गाबाहेर नेली.

दहा बावीस.
बालवाडी पोहायला निघाली होती:
एक लांब दोर, दोराला गाठी,
गाठीगणिक एक मूल.
सातव्या गाठीला लाल टोपी.
शिक्षेच्या स्टुलावरून नाउएलने तळवा पुढे केला.
लाल टोपीने गाठ सोडली नाही,
मोकळ्या हाताची मूठ त्याच्या तळव्यावर आपटली,
आणि ओळ पुढे सरकली.
चार सेकंद.

फाइलीत होतं ते, अकराव्या पानावर:
बहीण एक, आइलेन, वय पाच.
मार्चपासून दोघं निरनिराळ्या घरी सांभाळायला.

म्हणजे दर आम्हीच ठरवला होता,
एका भेटीला एक बाक.
तो फक्त चुकता करत होता.

मंगळवारी सव्वादहाला, काहीही व्हायच्या आत,
"नाउएल, हा खडूंचा डबा घेऊन जरा बाहेर उभा राहा."
त्याने माझ्याकडे पाहिलं,
फुकट देणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तसं.
गेला. आला.
वजाबाक्या केल्या. तीन चुकल्या.

अहवालात चार चौकोन छापलेले असतात:
लक्ष, सुटका, वस्तू, अंगाला मिळणारं सुख.
मी समासात लिहिलं: आइलेन.
ओतिलियाबाईंनी वाचलं, चष्मा पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला.
"तो बाहेर गेला की
मला अकरा मिनिटं शांतता मिळायची," त्या म्हणाल्या,
"तेही लिहा."
लिहिलं.

काल गुरुवार.
सातवी गाठ रिकामी होती.
ताप, कुणीतरी म्हणालं.
खडूंचा डबा धरून तो
शेवटची गाठ वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला,
मग आत आला,
बाकाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या
आणि धरूनच बसला,
वाऱ्याच्या दिवशी इथली माणसं दोर धरतात तसा.

माझा मधला रकाना
अजून कोरा आहे.